वाड्याच्या सागवानाची इलेक्ट्रिक गिटार: लाकूड, हार्डवेअर, पॉलिश

दीडमात्रा

गावचा वाडा उतरवला तेव्हा माझ्या वाट्याला एक सागवानी तुळई आली. आठेक फूट लांब, हाताच्या वितीत मावणार नाही इतकी जाड, वय शंभराच्या पुढे. आईला तिचा देव्हारा हवा आहे, मला इलेक्ट्रिक गिटार. देव्हाऱ्यापुरतं काढूनही बरंच उरतंय, म्हणून युद्ध टळलं.

डिझाइन ठरलंय: टेलिकास्टर. लिओ फेंडरने १९५० साली बाजारात आणलेला नमुना. सपाट फळीची बॉडी, तिला चार स्क्रूंनी आवळलेला नेक म्हणजे मान, कुठे कोरीवकाम नाही. घरी बनवायला याहून सोपं काही दिसत नाही. हँड राउटर, रंधे, पटाशा आहेत. शेजारच्या काकांचं गॅरेज रविवारी मिळतं, कोथरुडात याला श्रीमंती म्हणतात.

आता विचारायचं ते असं. बॉडी सागवानाची करावी का? लोक म्हणतात सागाचा आवाज 'बसका' येतो. नेकला मेपल आणायचं कुठून, की इथलं काही चालेल? ब्रिज (तारांची घोडी), की (तारा पिळायच्या खुंट्या) वगैरे बाहेरून मागवावं की इथे मिळतं तेच लावावं? आणि शेवटी पॉलिश. आमचे पॉलिशवाले मेलामाइनच्या पुढे बोलत नाहीत. इंटरनेटवर सगळे आल्डर, स्वाम्प अॅशच्या गोष्टी सांगतात, ती झाडं मी फोटोतच पाहिली आहेत. इथल्या हवेत, इथल्या लाकडावर कुणी काम केलं असेल त्यांनी सांगावं.

उगाच

सागवान, गिटार आणि टोन एकाच धाग्यात. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

निषाद

सागवानाची बॉडी नक्की करा. शंभर वर्षं मुरलेल्या लाकडाचा नाद वेगळाच असतो. राळ वाळून पेशी मोकळ्या झालेल्या असतात. नव्या लाकडाला तो सूर येणार नाही. फेंडरने अॅश निवडलं ते उगीच नाही.

सौ_ओम

निषादजी, हलके घ्या, पण फेंडरने अॅश निवडलं ते स्वस्त, हलकं आणि हाताशी होतं म्हणून. १९५६ च्या सुमारास त्यांनी बहुतेक रंगांसाठी आल्डर सुरू केलं, कारण अॅशची छिद्रं भरत बसावी लागतात आणि आल्डरवर रंग पटकन बसतो. फिकट पारदर्शक रंगाला अॅश ठेवलं, कारण त्यातून रेषा छान दिसतात. हा रंगखात्याचा निर्णय होता. आणि २०२० मध्ये कंपनीने नेहमीच्या उत्पादनातून अॅश जवळपास काढूनच टाकलं, कारण अमेरिकेत त्या झाडांना कीड लागली आणि मिसिसिपीच्या पुरांनी तोड अडली.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. तो लोखंडी तारेची हालचाल ऐकतो, लाकडाचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. लाकूड तारेची किती ऊर्जा खातं एवढाच काय तो संबंध. नॅशव्हिलच्या एका वादकाने दोन टेबलांच्या मध्ये हवेत तारा ताणून, खाली पिकअप धरून, बॉडीच नसलेली गिटार वाजवून दाखवली आहे. आवाज टेलिकास्टरचाच.

तुमच्या गिटारपासून अॅम्पपर्यंतची केबल दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स आणते. सहा मीटरची केबल तीन मीटरची केलीत तर वरच्या सुरांत जो फरक पडेल तो साग आणि आंब्यातल्या फरकापेक्षा सहज ऐकू येईल.

निषाद

मग बाजारात लोक वेडे आहेत का, लाखो रुपये मोजायला?

उगाच

हो.

पटाशी

दीडमात्रा, टोनची कुस्ती चालू दे. तुम्ही आधी वजन बघा. खांद्यावर तेच येतं.

टेली बॉडीचं क्षेत्रफळ साधारण १००० चौरस सेंमी, जाडी ४५ मिमी. पिकअप आणि कंट्रोलच्या खाचा वजा करता उरलं साधारण ४ लिटर लाकूड. आता गुणाकार. आल्डर ४५० किलो घनमीटरला, म्हणजे बॉडी पावणेदोन ते दोन किलो. साग ६५० च्या आसपास, म्हणजे २.६ किलो. शिसवी ८३०, म्हणजे सव्वातीन किलोच्या वर. नेक आणि हार्डवेअर मिळून पावणेदोन किलो धरा. सागाची गिटार साडेचार किलोच्या आसपास जाईल. दोन तास उभं राहून वाजवली की फिजिओथेरपिस्ट खूश.

सागच हवा असेल तर बॉडीच्या आत पोकळ्या करा आणि वर पाव इंचाची फळी चिकटवा. फेंडरनेही १९६८ पासून थिनलाइन टेली आतून पोकळ केली ती वजनासाठीच.

पण मला विचाराल तर तुमची तुळई बॉडीत घालणं म्हणजे पैठणीचे पडदे शिवणं आहे. ती नेकमध्ये घाला.

दीडमात्रा

नेकमध्ये साग? मेपल सोडून? जरा उलगडून सांगा पटाशीदादा.

पटाशी

सांगतो, चहा घेऊन बसा.

गिटारच्या बॉडीवर फार जबाबदारी नसते. नेकवर असते. १० ते ४६ चा (इंचाच्या हजारांशात तारांची जाडी) साधा संच लावला की सहा तारा मिळून साधारण ४५ किलोचा ताण ओढतात, तोही चोवीस तास, आणि नेकची जाडी अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये मावेल एवढीच. ताठपणात मेपल आणि साग जवळजवळ सारखे आहेत, फरक फार तर पाचेक टक्क्यांचा.

खरा फरक हवेत पडतो. हिरवं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत किती आकसतं याचे आकडे असतात. वार्षिक वलयांच्या दिशेने मेपल १० टक्क्यांच्या आसपास, बीच तर ११-१२ टक्के. सागवान ५ टक्क्यांच्या जवळपास. एप्रिलमध्ये पुण्याच्या हवेत ओलावा नावालाही नसतो आणि जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. अशा गावात निम्म्याने कमी हलणारं लाकूड हातात असताना मेपल शोधत फिरायचं कारण काय? जहाजांच्या डेकला आणि आपल्या वाड्यांच्या दाराला साग का वापरला, तेच हे.

फर्निचरवाले तुम्हाला स्टीम बीच देऊ करतील. दिसायला सरळ, स्वस्त, गुळगुळीत. कपाटाला ठीक. नेकला नको. पावसाळ्यात त्याची मान कुठे वळेल सांगता येत नाही.

तुळईतून नेक काढताना टोकाकडून बघा. वलयांच्या रेषा जिथे फ्रेटबोर्डच्या (बोटं फिरतात त्या पट्टीच्या) पृष्ठाला उभ्या येतील तिथली पट्टी कापा. गाठ, तिरकी रेषा, जुन्या खिळ्याचं भोक असेल तर ती फळी आईंना द्या. जमलं तर अखंड ठोकळ्याऐवजी तीन पट्ट्या चिकटवा, मधली उलटी फिरवून. एकीला वळायची हुक्की आली तरी दुसरी धरून ठेवते. आत दुहेरी काम करणारा ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारायची सळई) टाका, म्हणजे नेक पुढे किंवा मागे कुठेही गेला तरी परत आणता येतो.

साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी ताजा रंधा मारा, अॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि लगेच गोंद लावा. उद्या चिकटवू म्हणून ठेवलंत तर तेल परत वर येतं आणि जोड सुटतो. सागात सिलिका असते, रंध्याचं पातं भराभर बोथट होईल, तेव्हा धार लावायची पाथरी जवळ ठेवा.

वखारवाला

पटाशींशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). एकच भर. वाड्याच्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात आणि वरून छिद्रही दिसत नाही. लाकडाभोवती निळसर काळा डाग दिसला की समजा आत लोखंड आहे, सागातलं टॅनिन लोखंडाला लागून तसं काळं पडतं. डाग नसला तरी जाड चुंबक फिरवून घ्या, जमलं तर भिंतीतली वायर शोधायचं यंत्र. आरागिरणीवाला आधी हेच विचारतो आणि खिळा निघाला तर पात्याचे पैसे तुमच्याकडून घेतो.

बॉडीसाठी लाकूड घ्यायला भवानी पेठेत टिंबर मार्केटला या. घनफुटावर पूर्ण ओंडका घ्यायचा आग्रह करतील, तुम्ही 'कटपीस' मागा. दाराच्या चौकटी बनवणाऱ्यांकडे दोन इंची तुकडे पडलेले असतात.

खर्जातला

मी मिरजेचा. आमच्याकडे सतार आणि तंबोऱ्याच्या दांडीला, तबलीला (वरच्या फळीला) तून वापरतात. तांबूस, हलकं, मऊ, वास छान. घनमीटरला ४५० ते ५०० किलो, म्हणजे वजनाने तुमच्या आल्डरच्या अगदी जवळ. पटाशींचा गुणाकार लावला तर बॉडी दोन किलोच्या आत. रंध्याला लोण्यासारखं कापलं जातं. फक्त नखाने ओरखडा उठतो, त्यामुळे वर कठीण पॉलिश लागेल.

सतारमेकर गल्लीतल्या कुणालाही विचारा, तून कुठला आणि किती वर्षं वाळवलेला हे ते फळीवर टकटक करून सांगतील. दीडशेहून अधिक वर्षांचा हा धंदा. मूळची शिकलगार घराणी, हत्यारांना धार लावणारी, १९ व्या शतकात वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तरुण पोरं या कामात उतरायला तयार नाहीत, हा वेगळा विषय.

निषादजी, सतारीत लाकूड आवाज घडवतं यात शंका नाही. तिथे तबली हलते, भोपळा घुमतो. पण सतारीलासुद्धा पिकअप लावला की अर्धं लाकूड गप्प होतं. आमच्याकडे काहीजण इलेक्ट्रिक सतार करून मागतात. पहिल्यांदा गिटारचा पिकअप लावून बघतात आणि ओरडतात की खर्जाची तार वाजतच नाही. वाजेल कशी? बाजाची, म्हणजे मुख्य तार पोलादी आणि खर्जाची पितळेची किंवा ब्राँझची. चुंबकाला पितळ दिसतच नाही. मग घोडीखाली पिझो (कंपनं टिपणारा सेन्सर) लावतात किंवा खर्जाला निकेल गुंडाळलेली गिटारची तार चढवतात आणि तिच्यासाठी जवारी (घोडीचा वरचा पृष्ठभाग) पुन्हा घासतात.

सुरंगी

खर्जातला, हे भारी आहे! तरीच आमच्याकडे एकाने मॅन्डोलिनला ब्राँझच्या तारा लावून पिकअप बसवला तर खालचे सूर मेल्यासारखे येत होते. त्याने लाकडाला दोष दिला, लाकूड बदललंसुद्धा.

मी सावंतवाडीची. फणसाचं लाकूड कुणीच कसं सुचवलं नाही? तंजावरची वीणा फणसाचीच असते. घनमीटरला ६०० च्या आसपास, म्हणजे सागापेक्षा जरा हलकं. ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं, उन्हात वर्षभरात तांबूस तपकिरी होतं. म्हणून पिवळ्या रंगाच्या प्रेमात पडून त्यावर पारदर्शक पॉलिश लावू नका, तो रंग टिकत नाही. आणि आंबा नको. पेटीची फळी म्हणून ठीक, पण नीट वाळवला नाही तर आत कीड राहते आणि खाली पिठासारखी पूड पडायला लागते. घ्यायचाच तर बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेला घ्या.

हार्डवेअरबद्दल मात्र कोकणातला अनुभव सांगते. समुद्राच्या हवेत स्वस्त क्रोम एका पावसाळ्यात ठिपके धरतं. ब्रिजवरचे बारीक स्क्रू गंजून जाम होतात आणि मग अॅलन कीने फिरवायला गेलं की त्यांचं डोकं गोल होतं. इथे पैसे वाचवू नका. स्टेनलेसचे स्क्रू, पितळी सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा). पितळ हिरवं पडतं, पण पुसता येतं.

हडसनकाठ

उशिरा आलो. न्यू जर्सीतून लिहितोय, इथे रात्र आहे.

फ्रेटबोर्डला शिसवी घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वखारीत 'शिसम' म्हणून दोन वेगळी झाडं मिळतात. उत्तरेकडचं डालबर्जिया सिसू आणि सह्याद्रीतली आपली खरी शिसवी, डालबर्जिया लॅटिफोलिया. दोन्ही फ्रेटबोर्डला चालतात, पण शिसवी जास्त कठीण आणि गडद जांभळट. २०१७ च्या जानेवारीपासून डालबर्जियाची सगळी जात धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या यादीत आली आणि गिटार सीमेपार विकायला कागदपत्रं लागायला लागली. वाद्य बनवणाऱ्यांनी बराच आरडाओरडा केल्यावर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे तुमची झालेली गिटार घेऊन इथे या, काही होणार नाही. नुसती फळी मात्र बॅगेत टाकू नका.

याची मजा गिब्सनने बघितली आहे. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्या टेनेसीतल्या कारखान्यांवर छापा घातला. त्यात भारतातून आलेल्या शिसवीच्या आणि एबनीच्या फळ्याही जप्त झाल्या होत्या. २०१२ मध्ये ३ लाख डॉलर दंड भरून समझोता झाला, तो मुख्यतः मादागास्करच्या एबनीवरून. त्या काळात इथे टीव्हीवर 'रोझवूड' हा शब्द रोज ऐकू यायचा.

पटाशी

हडसनकाठ, माहितीसाठी आभार. त्यात एक जोडतो: शिसवी कापताना, घासताना मास्क लावा. तिच्या भुशाने कातडीला खाज येते, डोळे चुरचुरतात, आणि एकदा शरीराने धरलं की पुढच्या वेळी जास्त त्रास होतो. सागाच्या भुशाचंही तेच. कापडी रुमाल चालणार नाही.

शिसवी नको असेल तर खैर बघा. वजनदार, कठीण, फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पडद्यांच्या) खाचा तासताना घाम निघतो पण झिजत नाही.

बेंजोमास्तर

सगळे गिटार गिटार करताय म्हणून लिहितो. आमच्या मुंबईत हाताने बनवलेलं सगळ्यात जास्त वाजणारं इलेक्ट्रिक तंतुवाद्य कुठलं माहिती आहे का? बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर वाजतं ते. मूळ जपानी ताइशोगोटो, १९१२ साली नागोयात निघालं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं आणि पिकअप लावल्यावर पार्टीतलं बेंजो. टाइपरायटरसारख्या बटणा दाबल्या की पट्टी तारेला पडद्यावर दाबते.

मी स्वतःचे बेंजो बनवतो. बॉडीत प्लायवूड. हो, प्लाय. आठ थर, मरीन ग्रेड. सात तास ट्रकवर पावसात, गुलालात, पंधरा-पंधरा हजार वॅटच्या स्पीकरच्या भिंतींसमोर उभं राहायचं. जिवंत लाकूड तिथे फुगतं आणि बटणा अडकतात. आवाजात कुणाला फरक कळला तर मी एक मिरवणूक फुकट वाजवीन.

माझी सगळी मेहनत पिकअपवर. मोठ्या आवाजात सैल गुंडाळी शिट्टी मारते. म्हणून पिकअप पॅराफिन आणि मधमाशीच्या मेणात बुडवून काढायचा. डबल बॉयलर करा, थेट गॅसवर मेण ठेवू नका, भडकतं. आणि जनरेटरवर वाजवताना अर्थिंग तपासल्याशिवाय तारेला हात लावू नका. ब्रिज आणि तारा जमिनीला जोडलेल्या असतात, माइकला ओठ लागला की कळतं.

उगाच

मास्तर, दंडवत. तुमच्यासमोर सगळे टोनवुडवाले गारद.

निषाद

प्लायवूड ठीक आहे मिरवणुकीला. पण स्वच्छ आवाजात, घरी, कमी व्हॉल्यूमवर फरक पडतो असं मला अजूनही वाटतं. सौ_ओम म्हणतात ना, लाकूड ऊर्जा खातं? मग कुठलं लाकूड कुठल्या सुराची ऊर्जा खातं यात फरक असणारच. नेक तर सगळ्यात जास्त हलतो.

सौ_ओम

निषादजी, नेकबद्दल सहमत. बॉडीबद्दल म्हणाल तर ब्रिज त्यात घट्ट बसलाय आणि सॅडल हलत नाही एवढं मिळालं की मी समाधानी.

दीडमात्रा, तुमच्यासाठी कामाचं: सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपला २५० किलोओमचे पॉट (आवाज, टोन फिरवायची बटणं), हम्बकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५००. टोनला ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. 'खास जुना' म्हणून महाग विकतात तो आणि लॅमिंग्टन रोडचा साधा फिल्म कपॅसिटर यांत मापलेली व्हॅल्यू सारखी असेल तर कानाला फरक नाही. पॉट मात्र हातात फिरवून बघून घ्या, स्वस्त पॉट शेवटच्या पाव फेरीतच सगळा आवाज सोडतो. आणि सिंगल कॉइल आहे, आपल्या ५० हर्ट्झची गुणगुण येणारच. खाचांना आतून तांब्याची पट्टी चिकटवा, सगळ्या पट्ट्या एकमेकींना डाग देऊन जोडा आणि जमिनीला लावा. पूर्ण जात नाही, कमी होते. पूर्ण घालवायची तर हम्बकर. सेथ लव्हरने १९५५ मध्ये तो त्यासाठीच शोधला.

पटाशी

हार्डवेअरचं सुरंगीताईंनी सांगितलंच. एक साधी परीक्षा. ब्रिजची जाड पट्टी किंवा ट्रेमोलोचा ठोकळा हातात आला की चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं तर मागे न दिसणाऱ्या जागी कानशीने एक घाव घाला. पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर बहुतेक ओतीव जस्त. जस्ताचा ब्रिज वाईटच असतो असं नाही, पण त्यातले स्क्रूचे आटे लवकर खातात. सॅडल भोसरीच्या एखाद्या लेथवाल्याकडून पितळेच्या सळईतून करून घ्या. टेलीला तीनच लागतात, दोन तारांना एक.

कीला १४ ते १८ पट गिअर असतो. १८ वाली सुरात लावायला सोपी. इथे कंजुषी करू नका, रोज हात तिथेच जातो.

आता ज्यावर गिटार तरते किंवा बुडते ते: फ्रेटची अंतरं. स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतचं अंतर, ६४८ मिमी. पहिला फ्रेट नटपासून ६४८ भागिले १७.८१७, म्हणजे ३६.३७ मिमी. उरलेल्याला पुन्हा भागायचं, दुसरा ७०.७० वर. असं करत बारावा बरोबर ३२४ वर आला पाहिजे. पण खुणा करताना प्रत्येक अंतर नटपासून मोजा, मागच्या फ्रेटपासून नाही. नाहीतर केसाएवढी चूक एकवीस वेळा साठत जाते. करवतीचा गाळा ०.६ मिमीच्या आसपास, फ्रेटच्या शेपटीला घट्ट बसेल असा. सुताराकडची टेनन करवत जाड गाळा करते, फ्रेट निघून येतात.

सॅडलची जागाही कागदावर ६४८ ला ठेवून मोकळे होऊ नका. जाड तारा दाबल्या की जास्त वर चढतात, म्हणून त्यांच्या सॅडलला मागे सरकायला दोन ते पाच मिमी लागतात. पुढे जागा नाही तरी चालेल, मागे हवी.

चपडा

पॉलिशवर कुणीच धड लिहिलं नाही म्हणून मी. घरचा धंदा फर्निचर पॉलिशचा.

तुम्ही मेलामाइनला नाकं मुरडताय. मेलामाइन टणक होतं, पण ठिसूळ. फर्निचरला मार बसत नाही, गिटारला पट्ट्याचं बक्कल आणि स्टँड रोज लागतो. टवका उडाला की मधला पॅच जुळत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) चांगलं, फक्त जाड थर नको. जाड पीयू म्हणजे लाकडाला प्लॅस्टिकची पिशवी. गॅरेजवाले गाडीला मारतात तो टू-के (दोन घटक मिसळायचा) रंगही चालतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. बंद खोलीत, साध्या मास्कवर मारायचा नाही. त्याचा तुषार फुप्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतो. गाड्यांच्या बूथमध्येच द्या.

एनसी लॅकर म्हणजे तुमच्या जुन्या अमेरिकन गिटारींवरचं नायट्रो (नायट्रोसेल्युलोज). पातळ बसतं, काळाबरोबर पिवळं होतं, बारीक चिरा पडतात. लोकांना त्याच चिरा हव्या असतात. त्यावर रबरी स्टँड लावलात तर डाग पडतो, रबरातलं रसायन लॅकर मऊ करतं. पावसाळ्यात एनसी मारायचं नाही. हवेतलं पाणी थरात अडकून पांढरं ढगाळ होतं. दिवाळीनंतर मारा, सुकायला हवा सोबत देते.

लाखेचं फ्रेंच पॉलिश मिरजेत तंबोऱ्यावर दिसतं ते. लाख आपल्याच देशातली, स्पिरिटमध्ये विरघळते. चमक तिच्यासारखी कुणाची नाही. पण हात सतत लागणाऱ्या जागी घामाने आणि दारू सांडली तर लगेच उतरते. म्हणून मी तिला खालचा थर म्हणून वापरतो. मेण काढलेली लाख घ्या, मेण असलेल्यावर पीयू धरत नाही. सागाच्या तेलावर इतर काहीही धरायला कुरकुर करतं, लाख धरते. मग वर काय हवं ते.

सागवानी नेकला फक्त तेल. उकळलेलं जवसाचं तेल कापडाने चोळा, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अंगठा सरकतो, चिकटत नाही. ती तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेल्या फडक्याला आपोआप आग लागते. तारेवर मोकळी वाळत टाका किंवा पाण्याच्या बादलीत ठेवा. माझ्या वडिलांचा हा पहिला नियम.

तूनवर लांबी भरायची तर खडू-सिरसाची पांढरी लांबी नको, छिद्रात पांढरे ठिपके दिसतात. लाकडाच्या रंगाचा फिलर घ्या किंवा तिचाच बारीक भुसा लाखेत कालवा. मग ३२० चा कागद, पाण्याचा ६०० पुढे शेवटच्या थरावर.

सुरंगी

चपडा, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना. वाचनखूण साठवली आहे.

उगाच

आणि दीडमात्रांची आई?

दीडमात्रा

आईला दीड फुटाचा देव्हारा मिळणार, कागदावर सह्या झाल्या आहेत.

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून ठरवलं: तुळई नेकमध्ये, पटाशीदादा म्हणतात तशा तीन पट्ट्या. बॉडी तूनची, मिरजेहून. फ्रेटबोर्ड शिसवीचा, वखारीतच, बिल घेऊन. पिकअप सिंगल कॉइल, तांब्याची पट्टी लावून. पॉलिश दिवाळीनंतर, नेकला तेल, बॉडीला लाखेवर पातळ पीयू. की चांगल्यातली मागवतो, सॅडल भोसरीला.

एक शंका उरली. तूनची बॉडी दोन किलोच्या आत आणि नेक सागवानी, म्हणजे नेक खाली झुकणार नाही का, मांडीवर ठेवली की?

पटाशी

सागाचा नेक मेपलच्या नेकपेक्षा जड नसतो. मेपल घनमीटरला ७०० च्या वर जातं. त्यामुळे उलट थोडा फायदाच. तरी नको असेल तर हलक्या की घ्या. डोक्याकडे ५० ग्रॅम कमी केले तर बॉडीकडे २०० वाढवल्याइतका परिणाम होतो. आणि पट्ट्याचं बटण वरच्या शिंगावर बसतं, टेलीला वरचं शिंग नाही, तिथे ते जमेल तितकं पुढे, नेककडे सरकवून बसवा.

तून मऊ, चार स्क्रूंची डोकी त्यात रुततात. नेकच्या खाली, बॉडीच्या पाठीला पितळी किंवा पोलादी पट्टी लावा, नेक प्लेट म्हणून मिळतेच. आणि नेकमध्ये जाणारा स्क्रू आधी साबणाच्या वडीवर घासून मग भोकात लावा. सागात कोरडा स्क्रू आवळला तर डोकं तुटून अर्धा आत राहतो.

खर्जातला

तून घ्यायला आलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सरळ रेषेची, दोन उन्हाळे पाहिलेली फळी बघून ठेवतो. ओलावा मीटरवर ११-१२ च्या खाली असेल तरच उचला.

बेंजोमास्तर

सौ_ओम साहेब, माझ्या पिकअपची गुंडाळी ०.०६३ मिमीच्या तारेची आहे, आठ हजार फेरे. मोठ्या आवाजात वरचे सूर फार टोचतात. फेरे वाढवू की पॉट बदलू? व्यनि केलाय, सवडीने बघा.

सौ_ओम

फेरे वाढवा, वरचे सूर खाली येतील आणि आवाजही वाढेल. पण आधी टोनच्या कपॅसिटरशी खेळून बघा, तिथे मेणात हात बुडवावा लागत नाही.